शाळेचा संघ आणि अभ्यास: पहिल्या हंगामाची तयारी

मूल शाळेच्या संघात निवडलं गेलं की घरात आनंद होतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुरबुरी सुरू होतात. गृहपाठ अर्धवट राहतो, जेवताना डोळे मिटायला लागतात, रविवारी सामना आणि सोमवारी चाचणी. ‘वेळच पुरत नाही’ असं सगळे म्हणतात. मला मात्र वाटतं की वेळ बहुतेकांना पुरतो, पण जो हाताशी उरतो तो थकलेला असतो. दोन तास मैदानावर धावून आल्यानंतरचा रात्रीचा साडेआठचा तास आणि सुट्टीच्या सकाळचा ताजा तास घड्याळात सारखेच दिसतात, पण गणिताच्या वहीवर दोन्हींतला फरक लगेच उमटतो. खाली दिलेल्या पायऱ्या हा थकवा गृहीत धरूनच आखल्या आहेत. लेख मुख्यतः पालकांसाठी आहे, पण बारा-तेराच्या पुढच्या मुलांनी तो स्वतः वाचला तर जास्त बरं.

पायरी १ : होकार देण्याआधी शाळेला विचारा

खासगी शाळांमध्ये सोयी बऱ्या असतात, वर्ग लहान असतात, पण अपेक्षाही जास्त असतात. प्रकल्प, सादरीकरणं, साप्ताहिक चाचण्या आणि त्यावर खेळ. शिवाय अनेक शाळांत प्रशिक्षक बाहेरून नेमलेले असतात. ते तीन वाजता येतात, साडेपाचला जातात. परीक्षेचं वेळापत्रक त्यांच्यापर्यंत पोहोचलेलंच नसतं, आणि सामन्यांच्या तारखा विषयशिक्षकांना कळलेल्या नसतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि मधल्या मध्ये मुलाची ओढाताण होते.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी पुढच्या गोष्टी विचारून घ्या, शक्यतो लेखी:

- सराव आठवड्यातून किती दिवस, किती वाजता सुटतो, आणि त्यानंतर शाळेची बस असते का?
- सामन्यांच्या तारखा कधी कळतात? गावाबाहेरचे सामने किती?
- सामन्यामुळे चाचणी बुडाली तर ती नंतर देता येते का, आणि त्यासाठी कोणाला कळवायचं?
- खेळासाठीची गैरहजेरी हजेरीत कशी धरतात?
- परीक्षेच्या आठवड्यात सराव बंद असतो की चालू?
- अडचण आली तर बोलायचं कोणाशी? एकच नाव हवं.

खेळाच्या जोरावर फीमध्ये सवलत किंवा शिष्यवृत्ती मिळत असेल तर अटी शब्दन् शब्द वाचा. किती टक्के गुण राखावे लागतात, किती सामने खेळावे लागतात, हे तर बघाच. पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा : मुलाला दुखापत झाली आणि अर्धा हंगाम बाहेर बसावं लागलं तर सवलतीचं काय? हा प्रश्न विचारताना अवघडल्यासारखं होतं, तरी विचारा. याचं उत्तर माहीत नसलं की मुलं दुखणं लपवून खेळतात.

पायरी २ : सत्राचं एकच कॅलेंडर करा

शाळेचं वेळापत्रक एका ॲपमध्ये, सामन्यांच्या तारखा प्रशिक्षकांच्या ग्रुपवर आणि प्रकल्पाची तारीख मुलाच्या डायरीत, अशी विभागणी असेल तर ऐनवेळी घोडं अडणारच. भिंतीवर एक मोठा कागद लावा. परीक्षा, चाचण्या, प्रकल्प, सामने, निवड चाचण्या, घरातली लग्नकार्यं, सगळं त्यावर एका जागी आणा. दोन रंग पुरेत : अभ्यासाचा एक, खेळाचा एक.

मग ज्या आठवड्यांत दोन्ही रंगांची गर्दी झाली आहे त्यांना गोल करा. एका सत्रात असे मोजकेच आठवडे निघतात, आणि रडारड, भांडणं, जागरणं जवळजवळ सगळी त्यांच्यातच होतात. बाकीचे आठवडे आपोआप निभावतात. त्यामुळे ताकद या गोल केलेल्या आठवड्यांवर लावायची. त्या आठवड्यातला प्रकल्प आदल्या आठवड्यात संपवायचा, आणि पाहुणे किंवा समारंभ तेव्हा ठेवायचे नाहीत. हे सत्राच्या पहिल्या आठवड्यातच व्हायला हवं. सहाव्या आठवड्यात केलेल्या कॅलेंडरचा फारसा उपयोग होत नाही.

पायरी ३ : आठवडा आखताना झोप आधी लिहा

बहुतेक जण आधी शाळा, मग सराव, मग शिकवणी, मग अभ्यास लिहितात आणि उरेल ती झोप. इथेच गाडी रुळावरून घसरते. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये वयानुसार शिफारस केली : ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. खेळणाऱ्या मुलांनी या आकड्यांच्या खालच्या टोकाला समाधान मानू नये.

याच संदर्भात २०१४ चा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. अमेरिकेतल्या एका शाळेच्या ११२ खेळाडूंची माहिती त्यात तपासली गेली. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या १.७ पट निघाली. मूल किती खेळ खेळतं किंवा आठवड्याला किती तास सराव करतं, यांचा दुखापतीशी तसा संबंध त्या माहितीत दिसला नाही. झोपेचा दिसला. एकाच शाळेचा, छोटा अभ्यास आहे हे खरं, पण दिशा स्पष्ट आहे.

आता एक आठवडा प्रत्यक्ष मांडून बघू. तेरा वर्षांची मुलगी, फुटबॉल, सराव सोमवार-बुधवार-शुक्रवार साडेतीन ते साडेपाच, शनिवारी सामना. सकाळी सहाला उठायचं आहे, म्हणजे रात्री साडेनऊला दिवा बंद. हे आधी लिहिलं. सरावाच्या दिवशी ती सव्वासहाला घरी पोहोचते. अंघोळ, जेवण, थोडं लोळणं यात सव्वासात होतात. सव्वासात ते नऊ असे पावणेदोन तास कागदावर दिसतात, पण त्यातला कामाचा एकच तास धरा. मंगळवारी आणि गुरुवारी ती चारला घरी असते, तेव्हा प्रत्येकी दोन तास नीट मिळतात. रविवारी सकाळी आणखी दोन. बेरीज नऊ तास. एवढ्यात गृहपाठ आणि उजळणी होते. पण मंगळवार-गुरुवारी शिकवणी लावली, तर नवाचे पाच होतात आणि मग चोरी होते ती झोपेचीच. शिकवणीबद्दल माझं मत थोडं कडक आहे : हंगाम चालू असताना ती एखाद्याच विषयाची, आणि खरोखर अडत असेल तरच.

सरावाच्या तासांनाही वरची मर्यादा हवी. क्रीडावैद्यकात एक सोपा अंदाज वापरतात : आठवड्याचे शिस्तबद्ध सरावाचे आणि सामन्यांचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. तेरा वर्षांच्या मुलीसाठी तेरा तास हे शेवटचं टोक. वरच्या उदाहरणात तिचे आठच्या आसपास भरतात, म्हणजे ठीक. शाळेच्या संघाबरोबर बाहेरच्या क्लबमध्येही खेळत असेल तर दोन्हींची बेरीज करा. शाळेला क्लबचे तास ठाऊक नसतात आणि क्लबला शाळेचे, त्यामुळे ही बेरीज घरातच व्हायला हवी. आठवड्यातला किमान एक दिवस खेळाला पूर्ण सुट्टी.

पहाटे उठवून अभ्यास घ्यावा, असं अनेक घरांत सुचवलं जातं. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळच पुढे सरकतं आणि झोप उशिरा येते, हे लक्षात ठेवा. रात्री साडेदहाला झोपलेल्या मुलाला पहाटे चारला उठवलं तर साडेपाच तासांची झोप आणि कोरडी नजर एवढंच हाती लागतं.

पायरी ४ : थकलेल्या डोक्याला झेपेल तो अभ्यास द्या

सरावाच्या दिवशी रात्री नवीन, अवघड धडा काढू नका. तो मंगळवार-गुरुवार किंवा रविवार सकाळसाठी ठेवा. सरावानंतरच्या एका तासात काय करायचं? दुसऱ्या दिवशी द्यायचा गृहपाठ, आणि आठवून लिहिणं.

हे आठवून लिहिणं म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते, कारण खेळणाऱ्या मुलांना सर्वांत जास्त फायदा याचाच होतो. पुस्तक मिटायचं. कोऱ्या कागदावर धड्यातलं जे आठवेल ते दहा मिनिटं लिहायचं : व्याख्या, आकृती, सनावळी, सूत्रं. मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाच्या पेनाने भरायचं. तो रंगीत भाग म्हणजेच पुढच्या वेळचा अभ्यास. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये असे प्रयोग केले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा स्वतःची परीक्षा घेणारे पुढे गेले होते. म्हणजे वाचत राहिल्याने आपल्याला येतंय असं वाटतं, आणि परीक्षेत घात होतो. ज्याच्याकडे रोज एकच तास आहे त्याला हा भ्रम परवडत नाही.

दुसरी गोष्ट विसरण्याची. हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. शाळेत आज शिकवलेलं आज संध्याकाळी दहा मिनिटं उजळलं तर निम्मं काम होतं. तेच पुढच्या रविवारवर ढकललं तर धडा नव्याने शिकावा लागतो.

अभ्यासाच्या तासात फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर पालथा ठेवलेलाही नको. संघाच्या ग्रुपवर रात्री आठ-नऊलाच सर्वांत जास्त गप्पा चालतात.

आणि शाळेतलाच वेळ वापरायला शिकवा. मोकळा तास, ग्रंथालयाचा तास, सराव सुरू होण्याआधीची पंधरा मिनिटं. शंका शिक्षकांना त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत विचारायची. घरी आल्यावर ‘मला हे कळलंच नव्हतं’ म्हणण्यात अर्धा तास जातो, वर्गाबाहेर मॅडमना गाठून विचारण्यात तीन मिनिटं.

थोड्या वेळात नेमकं काम करणाऱ्यांमध्ये मला रॉजर बॅनिस्टर आठवतो. ६ मे १९५४ रोजी त्याने एक मैलाचं अंतर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केलं, चार मिनिटांच्या आत धावणारा पहिला माणूस. तेव्हा तो लंडनमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि सराव बऱ्याचदा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत उरकायचा. त्याच्या सरावाचा एक ठरलेला भाग म्हणजे ४४० यार्डांच्या दहा धावा, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती. पुढे तो मेंदूविकारतज्ज्ञ झाला. प्रत्येक मूल बॅनिस्टर होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण मैदानावर आणि टेबलाशी बसताना आज नेमकं काय करायचं ते आधी ठरलेलं असलं, की थोडा वेळही पुष्कळ होतो.

पायरी ५ : शिक्षकांशी मुलानेच बोलावं

बारा-तेरा वर्षांपासून हे काम मुलाकडे सोपवा. पालकांचा फोन गेला की तो आग्रह वाटतो, मूल स्वतः आलं की जबाबदारी वाटते. शिक्षकांना सहसा खेळाचा राग नसतो. शुक्रवारी सकाळी कळलेल्या शुक्रवारच्या गैरहजेरीचा असतो. साधारण आठवडाभर आधी असा निरोप द्यावा :

‘नमस्कार मॅडम, मी सातवी ब मधली. पुढच्या गुरुवारी आणि शुक्रवारी आंतरशालेय सामन्यांसाठी मी शाळेत नसेन. शुक्रवारची विज्ञानाची चाचणी मला सोमवारी मधल्या सुट्टीत देता येईल का? गुरुवारचा धडा मी मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून घेईन. प्रकल्प मी बुधवारीच जमा करते.’

यात चार गोष्टी आहेत : कधी नाही, काय बुडेल, ते कधी भरून काढणार, आणि काय आधीच देणार. ‘मला सूट द्या’ असं कुठेच नाही. असा निरोप एक-दोनदा गेला की बहुतेक शिक्षक स्वतःहून मदत करायला लागतात.

प्रशिक्षकांशीही असंच. परीक्षेचं वेळापत्रक हातात पडलं त्याच दिवशी त्याचा फोटो त्यांना पाठवा.

पायरी ६ : सामन्याचे दिवस

बसमध्ये जाडजूड पुस्तक वाचून होत नाही. अनेकांना मळमळतं. त्याऐवजी हाताने लिहिलेली प्रश्नांची चिठ्ठी न्यावी, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. शेजारी बसलेल्या मित्राने विचारायचं. जाताना जमलं तर जमलं, सामन्याआधी डोकं सामन्यात असू द्या. परतताना झोप आली तर झोपू द्या.

परतीच्या वाटेवर पालकांनी सामन्याची चिरफाड करू नये. कोणता पास चुकला हे मुलाला तुमच्याआधी कळलेलं असतं. पोटभर खायला द्या, पाणी द्या. बुडालेला धडा त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी, पण दुसऱ्या दिवशी नक्की.

पायरी ७ : परीक्षेच्या आठवड्यात खेळ बंद करू नका

‘परीक्षा झाली की मग खेळ’ हा घरोघरचा नियम आहे, आणि मला तो पटत नाही. रोज दोन तास धावणाऱ्या मुलाला अचानक बारा तास खुर्चीत बसवलं की त्याला झोप लागत नाही, चिडचिड होते आणि अभ्यासही धड होत नाही. वर परीक्षेनंतर एकदम पूर्ण सरावाला उतरलं की स्नायू दुखावतात. दोन तासांचा सराव तीस-चाळीस मिनिटांवर आणा, दिवस कमी करा. थोड्या वेगवान धावा, थोडा चेंडूचा सराव, घाम येईल इतपत. सराव कमी केला तरी थोडी तीव्रता राखली की तयारी दोन-तीन आठवडे बऱ्यापैकी टिकते, मोठ्या स्पर्धेआधी खेळाडू हेच करतात.

आणि शिक्षा म्हणून खेळ काढून घेऊ नका. गुण घसरले तर आधी झोपेचे तास मोजा, मग सरावाचे, मग बाकीचं.

पायरी ८ : ही लक्षणं दिसली तर थांबा

एकच जागा दोन आठवड्यांहून जास्त दुखत राहणं. सकाळी उठायला रोज त्रास. आवडत्या सरावाला जायचा कंटाळा. सारखी सर्दी, सारखी चिडचिड. नेहमी जमणाऱ्या विषयातही चुका. यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर एक आठवडा भार कमी करून बघा आणि फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मोकळेपणी बोलायला हवी. नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही तर ‘खेळामुळे होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका. खाल्लेलं आणि खर्च झालेलं यांचा मेळ बसत नसल्याचं ते लक्षण असू शकतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ पासून या अवस्थेकडे गंभीरपणे लक्ष वेधलं आहे. त्याचा परिणाम हाडांवर होतो, आणि तो मुलग्यांमध्येही दिसतो.

डोक्याला मार लागला आणि त्यानंतर चक्कर, डोकेदुखी, गोंधळ, उलटी यांपैकी काहीही झालं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, मूल कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणालं तरी. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उलट्या वारंवार होत असतील, शुद्ध हरपली, झटका आला किंवा डोकेदुखी वाढत गेली तर तडक रुग्णालयात न्या. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइलचा पडदा कमीत कमी. मग हळूहळू शाळा, आणि शाळेचा पूर्ण दिवस त्रासाविना निभावला की डॉक्टरांच्या परवानगीने टप्प्याटप्प्याने पूर्ण खेळ. हा क्रम शाळेलाही लेखी कळवा, म्हणजे त्या काळातल्या चाचण्या पुढे ढकलता येतात.

पायरी ९ : हंगाम संपल्यावर

बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असा की एका खेळातून वर्षाकाठी एकूण तीन महिने तरी सुट्टी असावी, सलग नाही तर महिना-महिना करून. या काळात मुलाने दुसरं काहीही खेळावं, सायकल चालवावी, नुसतं हुंदडावं. मागे पडलेल्या विषयाची शिकवणी लावायची असेल तर ती इथे.

हंगाम संपल्यानंतर आठ-दहा दिवसांनी, हार-जीत निवळल्यावर, कॅलेंडरचा कागद खाली उतरवून मुलाबरोबर बसा. गोल केलेल्यांपैकी कोणते आठवडे खरंच अवघड गेले, कोणत्या आठवड्याचा आपल्याला अंदाजच आला नव्हता, कोणत्या दिवशीचा अभ्यास कधीच झाला नाही, हे त्यावर लिहून ठेवा. पुढच्या सत्राचा कागद यावरून निम्मा तयार होतो. आणि मग सरळ विचारा : पुढच्या हंगामात खेळायचं आहे का? ‘हो’ असेल तर पायरी १ मधले प्रश्न पुन्हा शाळेकडे न्या, कारण प्रशिक्षक, वेळा आणि इयत्ता तिन्ही बदललेलं असतं. ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ आलं तर कारण विचारा, पण त्याच बैठकीत मन वळवायला जाऊ नका. नावनोंदणीची शेवटची तारीख कागदावर लिहा आणि तोवर विषय सोडून द्या.